बाकीचं नको

दर जून-जुलैत इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनचं तेच. गेल्या वर्षी पुतणी, यंदा माझी पोरगी. नागपुरात सीताबर्डीला झेरॉक्सच्या रांगेत तासभर उभं राहायचं, जाडजूड फाइल घेऊन सुविधा केंद्रावर जायचं आणि टेबलापलीकडून ऐकायचं, "सीईटीचं स्कोअरकार्ड द्या, डोमिसाइल द्या. बाकीचं नको."

बाकीचं म्हणजे विज्ञान प्रदर्शनातलं बक्षीस हो! एप्रिलच्या उन्हात पोरगी गच्चीवर बसून दर अर्ध्या तासाला संत्र्याच्या वाळत्या सालींचं वजन लिहायची. वहीवर घामाचे डाग आहेत अजून. इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, त्याची किंमत शून्य. व्हीएनआयटीत, म्हणजे नागपूरच्या एनआयटीतही जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेची रँकच चालते. दहावीला निदान इंटरमिजिएट चित्रकलेच्या ए ग्रेडचे ७ गुण तरी मिळतात.

आणि हे ऑलिम्पियाडवाले दरवर्षी शाळेत येऊन फी गोळा करतात, "अ‍ॅडमिशनला कामी येईल" म्हणून! कुठल्या अ‍ॅडमिशनला? अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जात पुरस्कारांसाठी रकाना असतो, आमच्या कॅपच्या मेरिटमध्ये त्याला जागाच नाही. मग आईबापांना खोटं का सांगता? चीड येते अक्षरशः. परवा पोरगी फाइलमधून विज्ञान प्रदर्शनाचं ते प्रमाणपत्र काढायला लागली. मी काढू दिलं नाही.