बंदीने अल्माजिरी मुले रस्त्यावरून हटतील का?

उत्तर नायजेरियात मुलांना कुराण शिकण्यासाठी घरापासून दूर मल्लमकडे, म्हणजे धर्मशिक्षकाकडे, पाठवतात आणि तिथे ती बहुधा भीक मागून पोट भरतात. या अल्माजिरी प्रथेवर सरसकट बंदी घालावी, असा निष्कर्ष एका लेखात काढला आहे; तो मला अपुरा वाटतो. कानो, सोकोतो, कादुना या शहरांत हातात प्लास्टिकचे वाडगे घेऊन फिरणारी मुले दिसतात, ती बहुधा कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील असतात. कुराण पाठ व्हावे ही बापाची इच्छा खरी असते, पण घरातील एक खाणारे तोंड कमी होते हेही तितकेच खरे असते. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी सोकोतोची सत्ता जिंकली. पुढे अमिरांच्या, म्हणजे स्थानिक मुस्लिम शासकांच्या, महसुलावर त्यांचे नियंत्रण आले, कुराण शिकवणाऱ्या या शाळांचा आधार खचत गेला आणि नोकऱ्या इंग्रजी शिकलेल्यांकडे गेल्या. बिनपगारी मल्लम शिष्यांना जेवू कोठून घालणार? (अर्थात मुलांकडून रोजची ठरावीक रक्कम उकळणाऱ्यांना ही सबब लागू नाही.)

२०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्या सरकारने कुराणाचे आणि आधुनिक असे दोन्ही प्रकारचे शिक्षण देणाऱ्या आदर्श शाळा सुरू केल्या, मात्र राज्य सरकारांनी त्या नेटाने चालवल्या नाहीत आणि अनेक इमारती ओस पडल्या. २०२० मध्ये तर कोरोनाच्या साथीत राज्यांनी ही मुले वाहनांत भरून एकमेकांकडे पाठवली. बंदीचा अर्थ व्यवहारात असाच होतो. त्यापेक्षा मल्लमांना मानधन, शाळेतच दुपारचे जेवण आणि मुलांची गावानिशी नोंद, एवढ्यावर आधी खर्च व्हावा.