चोरी करवून घेण्याचे मुहूर्त

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या फ्लॅटला कंटाळून तुम्ही देपालपूरकडे दोन बिघे जमीन घेतलीत. विहीर आहे, मोटार आहे, यंदा लसूणही लावलाय. अभिनंदन. आता एवढंच शिकायचं राहिलं की चोरी कधी करवून घ्यायची. चोर बिचारा कधीही येतो. पोलीस चौकीचं तसं नाही.

पंचांग जवळ ठेवा. अनंत चतुर्दशी वर्ज्य. त्या रात्री इंदुरात झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. ज्या गिरण्यांनी ही प्रथा रुजवली त्या बंद पडून वीस वर्षांवर झाली, पण झांक्या रात्रभर चालतात आणि त्यांच्यामागे तुमच्या चौकीचा शिपाईही पहाटेपर्यंत चालतो. रंगपंचमी वर्ज्य, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते. 14 एप्रिलला महूत बाबासाहेबांच्या जन्मस्थळी अफाट गर्दी, तिला रांग लावायला कोणीतरी हवंच. कार्तिकी पौर्णिमेला जानापावची जत्रा. मंत्री येणार तो दिवस वर्ज्य, आणि येणार-येणार म्हणून येत नाहीत तो तर जास्तच वर्ज्य. 2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. तेव्हा मोटार विहिरीतून काढून उशाशी घेऊन झोपा.

मग पोलीस मिळतात कधी? दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, गौतमपुऱ्यात. हिंगोटाचं फळ पोखरून त्यात फटाक्याची दारू भरतात, बांबूची काडी लावतात आणि तुर्रा नि कलंगी असे दोन पक्ष ते पेटवून एकमेकांच्या अंगावर सोडतात. त्या संध्याकाळी पोलीस, बंब, ॲम्ब्युलन्स, सगळं हजर. एकमेकांना भाजायला निघालेल्यांना जेवढी कुमक मिळते तेवढी घरात झोपलेल्या माणसाला वर्षभरात मिळत नाही. जमलं तर तुमच्या चोराला त्या दिवशी तिकडे घेऊन जा.

चौकीला कुलूप दिसलं म्हणून चिडू नका. 1861 च्या पोलीस कायद्याचं कलम 22 सांगतं की पोलीस कर्मचारी सदैव ड्यूटीवर आहे असंच मानायचं. किती दूरदृष्टी पाहा! माणूस सदैव ड्यूटीवर असला की तो अमुक ठिकाणी, अमुक वेळेला हवा असा हट्ट धरता येत नाही. 2019 मध्ये आपल्या मध्य प्रदेशात पोलिसांना साप्ताहिक सुटी देऊन पाहिली होती. ती सुटी पुढे कुठे गेली, तिचीही गुमशुदगी कोणी नोंदवली नसावी. (माणसं न वाढवता सुटी वाटायची म्हणजे चार पोळ्यांत आठ पाहुणे जेवू घालायचे; आपल्या आज्यांना जमायचं, सरकारला नाही.)

माझंच सांगतो. होळीनंतर विहिरीवरची केबल कापून नेली. सकाळी सातला चौकीवर गेलो तर कुलूप, आणि भिंतीवर रंगवलेला नंबर बदली होऊन गेलेल्या साहेबांचा. खरी चौकशी खिडकी समोरच्या चहाच्या टपरीवर असते, हे तेव्हा कळलं. टपरीवाला म्हणाला, "साब तो रवानगी में हैं." हा शब्द पाठ करा. रोजनामच्यात आमद (आला) आणि रवानगी (गेला) अशा दोनच अवस्था असतात, आणि आमदेची वेळ टपरीवाल्यालाच ठाऊक असते. चौकीत कागदावर माणसं तीन. एक कोर्टात पेशीला, एक समन्स वाटायला, तिसरा रात्रीची गस्त करून आत झोपलेला. कुलूप बाहेरून लावायची व्यवस्था त्यानेच करून घेतलेली.

पण कायदा तुमच्या बाजूने आहे, भक्कम आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायलाच हवा, हे सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगून टाकलं. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आलं. हद्द कोणाचीही असो, खबर कुठल्याही थान्यात द्या. मोबाइलवरून पाठवा, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करा. तीन दिवस का, हे मला कुलपासमोर उभं राहिल्यावर उमगलं.

खरी कसोटी किमतीची. नव्या कायद्यात पाच हजारांखालची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. त्यामुळे तक्रार लिहून घेणाऱ्या मुन्शीजींमध्ये एक सराफ जागा होतो. तुम्ही सांगता तांब्याची केबल, दोनशे फूट, आठ हजार. ते विचारतात जुनी किती, सोललेली किती, पावती कुठे. घासाघीस होत होत केबल चार हजार नऊशेवर येऊन थांबते आणि तुमच्या हातात कोरा कागद येतो: आवेदन लिहून द्या, जांच करू. तेव्हा चोराशी आधीच बोलून घ्या. म्हणावं, दादा, आलाच आहेस तर स्टार्टरही ने, दोन गोण्या लसूण टाक, पण पाच हजार भरू दे. अर्धवट चोरी करून शेतकऱ्याचं नुकसान करू नकोस.

एवढ्यावरही कोणी हललं नाही तर 181, सीएम हेल्पलाइन. तक्रार एल-वन अधिकाऱ्याकडून वरच्या एल-टूकडे, तिथून पुढे चढत जाते, आणि ज्या चौकीने तुमचा फोन कधी उचलला नाही ती आता रोज तुम्हाला फोन करते. सकाळी, दुपारी, जेवताना. केबलबद्दल अवाक्षर नाही. तक्रार कधी बंद करताय, एवढंच. माझ्या सासूबाईंची चौकशीही इतक्या आपुलकीने कोणी केली नव्हती. बंद करू नका. बंद केलीत की फोनही बंद.

माझ्याकडे शेवटी माणूस आला, रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी. प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, पन्नाशीचे, डोळे लाल. पेन माझं, कागद माझे, पंचनाम्याला पंच म्हणून गावचा चौकीदार कोटवार आणि टपरीवाला. विहिरीत वाकून पाहिलं, कापलेलं टोक मोजलं, किंमत लिहिली सहा हजार. मी हात जोडले. ते म्हणाले, चहा राहू द्या, गेरच्या बंदोबस्ताला निघायचंय, गाडी सुटेल. परवापर्यंत चौकीत कोणी नाही. मोटारसायकलला किक मारता मारता खिशातून चावी काढली आणि टपरीवाल्याच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रात्री भीती वाटली तर उघडून बसा, भाऊसाहेब. आतला पंखा चालतो."