आबांची हद्द

कासव हा शांत, समाधानी आणि जागच्या जागी बसून राहणारा प्राणी आहे, ही अफवा मुळात कुणी उठवली हे मला एकदा शोधून काढायचं आहे. ज्याने कुणी उठवली, त्याने कासवासाठी कधी कुंपण घातलेलं नाही एवढं मी शपथेवर सांगतो.

आमच्याकडचं कासव मध्य आशियातल्या कोरड्या गवताळ माळांवरच्या जातीचं, स्टेपी कासव म्हणतात ते. पैदास केंद्रात जन्मलेलं, रीतसर कागदपत्रांसकट आलेलं. माझ्या जन्मदाखल्यात नावाची एक चूक आहे, ह्याच्या कागदांत एकही नाही. मुलीने नाव ठेवलं आबा. कारण चेहरा. मानेला सुरकुत्या, डोळे अर्धे मिटलेले आणि समोरचा जे काही बोलतोय त्यातलं अवाक्षरही पटत नसल्याचा कायमचा भाव. एकदा आबा म्हटल्यावर अरेतुरे करायला कुणाची जीभ रेटेना. त्यामुळे आमच्या घरात आबा उठले, आबा जेवले, आबा उताणे पडलेत जरा बघा, असा सगळा आदरार्थी कारभार चालतो.

सुरुवातीला आबा घरातच दिव्याखाली असायचे. पण डॉक्टरीणबाईंनी (प्राण्यांच्या) त्यांना पुढून, मागून, खालून तपासलं आणि म्हणाल्या, ह्यांना बाहेरचं ऊन हवं. खिडकीतलं चालणार नाही. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण ज्या यूव्हीबी किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं ते किरण काच अडवते. ते जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. "अंगणात एक आडोसा करून टाका, साधंसं काम आहे," असं त्या म्हणाल्या. साधंसं काम हे शब्द मी आजवर फक्त ते काम ज्यांना करायचं नसतं त्यांच्याच तोंडून ऐकले आहेत.

बातमी सासरी पोचली आणि मेव्हणे हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले. आमचे मेव्हणे कुठल्याही कामाला नाही म्हणत नाहीत. तिकडे हा गुण समजतात. "दाजी, कासवच आहे ना? चार खुंट्या, एक जाळी. दुपारपर्यंत मोकळे." आणि खरंच दुपारपर्यंत जाळी उभी राहिली. आबांना आत सोडलं.

आता जाळीतून पलीकडचं गवत दिसत होतं. कासवाला जे दिसतं ते आपलंच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते आणि मध्ये काही आहे हे ते शेवटपर्यंत मान्य करत नाही. आबांनी जाळीला डोकं लावलं आणि ढकलायला सुरुवात केली. ढकलून भागेना तेव्हा कडेकडेने चालत गेले, कोपऱ्यात वळले, परत आले, परत ढकलायला लागले. नाकाचा शेंडा लाल झाला. मग त्यांनी पुढच्या पायांची नखं जाळीच्या चौकोनांत अडकवली आणि चढू लागले. सगळं कवच पाठीवर घेऊन, सरळ उभे. लोखंडी कपाटाने आपण होऊन जिना चढावा तसा तो देखावा होता. "व्यायाम होतोय त्यांना," मेव्हणे म्हणाले. तेवढ्यात आबा वरच्या काठापर्यंत पोचले, क्षणभर थांबले, आणि धप्प करून आतल्या बाजूला पाठीवर आपटले.

उताणं कासव बघायला गमतीचं वाटतं, पण भर उन्हात तसंच राहिलं आणि सरळ होता आलं नाही, तर ते तापून मरूही शकतं. आम्ही आबांना सरळ केलं. आबांनी मेव्हण्यांकडे पाहिलं. मेव्हण्यांनी जाळीकडे पाहिलं. जाळी उतरली.

ह्यानंतर मी स्वतः अभ्यासाला बसलो. कासवाची भिंत आरपार दिसणारी नको, हा पहिला धडा. पलीकडचं दिसलं नाही की पलीकडे काही नाहीच असं धरून कासव शांत होतं. (कित्येक वरिष्ठ अधिकारी ह्याच तत्त्वावर निवृत्तीपर्यंत सुखाने जगलेले मी पाहिले आहेत.) म्हणून फळ्या आणल्या. डांबरासारखी औषधं चोपडलेल्या फळ्या नकोत, कारण आबा काय चाटतील, काय चावतील सांगता येत नाही. उंची गुडघ्याएवढी, म्हणजे ४५ सेंटिमीटर. वीतभर लांबीच्या जनावराला एवढी कशाला, असं मेव्हण्यांचं मत पडलं. वीतभर लांबीचं जनावर त्यांच्या डोळ्यांदेखत जाळी चढून गेलं होतं, पण ते असो.

खरी गोम कोपऱ्यांत आहे. सरळ भिंतीला कासवाला धरायला काही मिळत नाही. कोपऱ्यात मात्र दोन भिंती एकदम भेटतात. एक पाय हिच्यावर, एक पाय तिच्यावर असं रेटत ते वर सरकू शकतं. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर, वरच्या अंगाला, आतल्या बाजूला पुढे आलेली एक तिकोनी फळी ठोकायची. वर चढणाऱ्याचं डोकं तिला आपटलं पाहिजे आणि त्याने मुकाट खाली उतरलं पाहिजे. ह्या चार तिकोनी फळ्या मी स्वतः मोजून, कापून, घासून बसवल्या. त्यांच्याबद्दल मला जो अभिमान आहे तो घरात कुणालाही समजलेला नाही.

वरून झालं, खालून राहिलं. स्टेपी कासव हा खोदकामाचा माणूस. मूळ प्रदेशात कडक उन्हाळा आणि कडक हिवाळा दोन्ही असल्यामुळे ही जात वर्षातला बराचसा काळ जमिनीखालीच काढते. दोन-दोन मीटर लांबीची बिळं खणते. पुढच्या पायांना चार-चार नखं असतात आणि ती शोभेची नसतात. तेव्हा फळ्यांच्या खाली ३० सेंटिमीटर खोल चर खणायचा, त्यात फरश्यांचे तुकडे उभे गाडायचे. मी पहार घेऊन खणत होतो. थोडी माती, मग दगड, मग पुन्हा दगड. आबा ओसरीवरून बघत होते. त्यांच्या नजरेत जाणकाराची जी कीव होती ती मी विसरणार नाही.

शेजारचे काका गजाआडून डोकावले. "विहीर का?" मी सांगितलं, कासवासाठी. काका हसले. "अहो, एवढा खटाटोप कशाला? पूर्वी कवचाच्या कडेला एक भोक पाडून दोरीने बांधून ठेवायचे. कवच म्हणजे नख हो, त्याला काय कळतंय?" मी तोंड उघडायच्या आधी बायको बाहेर आली. कवच म्हणजे वर चढवलेला कोट नव्हे. कासवाचा कणा आणि बरगड्याच रुंद होऊन, जुळून कवच झालेलं असतं. वरचा थर नखाच्या जातीचा खरा, पण खाली जिवंत हाड आणि त्याला संवेदना. नुसतं बोट फिरवलं तरी कासवाला कळतं. हे सगळं ती काकांना सांगेल असं मला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "काका, आधी तुमच्या बरगडीला भोक पाडून बघू या का?" काका गजाआड दिसेनासे झाले.

संध्याकाळी पाठीला शेक घेताना मी घरच्यांना झोंड ५ ची हकिकत सांगितली. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत संघाने एका यानातून दोन कासवं पाठवली. ती चंद्राला वळसा घालून आली, यान हिंदी महासागरात उतरलं आणि दोघं जिवंत निघाली. वजन तेवढं १० टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. माणूस चंद्राभोवती पोचला तो त्याच वर्षी डिसेंबरात, म्हणजे नंतर. आणि ती दोन्ही कासवं कुठल्या जातीची? आबांच्या. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला ज्यांच्या भाऊबंदांनी दाद दिली नाही, त्यांना अडवायला मी फरश्यांचे तुकडे गाडतोय.

"पण बाबा," मुलगी म्हणाली, "म्हणजे आबांना परत येता येतं."

ह्या आशेवर राहण्यात अर्थ नव्हता. २०१४ साली इंग्लंडमधल्या एका लेपर्ड जातीच्या कासवाने ५.४८ मीटर अंतर १९.५९ सेकंदांत तोडून विश्वविक्रम केला. तासाला एक किलोमीटर झाला हा हिशेब. हसू नका. त्या वेगाने कुणी निघालं आणि तुम्हाला दहा मिनिटांचा फोन आला, तर तुम्ही फोन ठेवेपर्यंत ते दीडशे मीटर पुढे असतं. आणि हाक मारून ते थांबत नाही.

मग आकाशाचा बंदोबस्त. छोट्या कासवांना कावळे टोचतात आणि मोठे शिकारी पक्षी कासव उचलून खडकावर टाकून फोडतात. एका प्राचीन ग्रीक नाटककाराच्या टकलाला खडक समजून गरुडाने वरून कासव सोडलं आणि त्यातच तो गेला, अशी दंतकथा आहे. मेव्हण्यांच्या डोक्याची सध्याची अवस्था लक्षात घेता मी ती मुद्दाम त्यांच्यासमोर सांगितली. वरची जाळी त्यांनी त्याच दिवशी मुकाट्याने बसवली. कुत्र्यांसाठीही ती लागतेच. कासवाचा सगळ्यात मोठा शत्रू शिकारी पक्षी नव्हे, पाळीव कुत्रा. त्याला कवचात चघळायचं हाड दिसतं.

आता आतली सजावट. अर्ध्या भागात ऊन, अर्ध्यात सावली, हवं तेव्हा इकडून तिकडे जाता आलं पाहिजे. बसायला कोरडं, बुटकं घर, कारण ओल राहिली तर ह्या जातीची छाती भरते. ऊन शेकायला सपाट दगड. ते तापतात आणि चालता चालता नखंही झिजवतात. पाण्याचं ताट उथळ. आबा त्यात शिरतात, मान लांब करून पाणी पितात आणि त्याच वेळी, त्याच पाण्यात, दुसऱ्या टोकाचा कार्यक्रमही उरकतात. डॉक्टरीणबाई म्हणतात हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण. असेल. ताट रोज मी घासतो.

संसारात ठिणगी पडली ती कण्हेरीवरून. आमच्या कुंपणालगत बायकोने वाढवलेली गुलाबी कण्हेर होती आणि कण्हेरीचं पान, फूल, काडी सगळंच विषारी. "ते झाडाकडे जाणारच नाहीत," ती म्हणाली. जाणार नाहीत, पण वाऱ्याने पान आबांकडे येईल. ती गप्प झाली. त्या गप्पपणाची झळ मला पुरेशी लागली आणि कण्हेर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. तिच्या जागी जास्वंद आली, जी आबांना पानाफुलासकट चालते.

चालते म्हणजे काय, ते एकदा बसून बघण्यासारखं आहे. लाल फूल समोर टाकलं की आबा आधी थबकतात. मान पुढे येते, आणखी पुढे येते, आपल्याला वाटत नाही एवढी पुढे येते. फुलावर नाक टेकवून वास घेतात. मग जबडा उघडतो, आत गुलाबी, जाडसर जीभ दिसते, आणि आबा पूर्ण ताकदीने फुलाच्या शेजारची हवा चावतात. थांबतात. पुन्हा नेम धरतात. ह्या वेळी पाकळी दातांत, म्हणजे दात नाहीतच, चोचीसारख्या काठात सापडते. मग फुलावर पुढचा पाय ठेवून मान मागे खेचायची, पाकळी टर्रकन फाटते. चघळणं वगैरे नाही, दोन-तीन वेळा आ वासून सरळ आत. नाकावर पिवळे परागकण. चेहऱ्यावर अजूनही काही न पटल्याचा भाव.

काम संपल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्या वास्तूत सर्वांत विचार करून बांधलेली जागा हीच. सकाळी कोवळं ऊन, दुपारी सावली, वारा बेताचा, पाणी साचत नाही, जवळ जास्वंद, वरून बंदोबस्त, कुत्रं नाही. माझ्या खोलीच्या वेळी असा विचार कुणी केला होता? तिला पश्चिमेकडे खिडकी आहे आणि खाली पाण्याची मोटर. तेव्हा एका रविवारी मी वरची जाळी बाजूला केली, आत घडीची खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र उघडलं.

बुटावर काहीतरी आपटलं. पाहिलं तर आबा. त्यांनी डोकं आत घेतलं, थोडे मागे सरले आणि कवचाची पुढची कड घेऊन पुन्हा बुटावर चालून आले. ठक्. परत मागे. ठक्. स्टेपी कासवाचे नर हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या नराला असंच हाकलतात, आणि त्याने ऐकलं नाही तर पायाला चावतात. मी पाय वर घेतले. आबा खुर्चीच्या पायाकडे वळले.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "त्यांना तिथे कुणी नकोय, एवढं कळत नाही का?"

वर्तमानपत्र काखेत मारून मी कोपऱ्यातून बाहेर पाय टाकायला गेलो. पाय तिकोनी फळीखाली अडकला, बूट आत राहिला आणि मी जास्वंदीत. फळी तसूभरही हललेली नव्हती. मी तिथूनच मेव्हण्यांना फोन लावून ते कळवलं.