मोजणीत कमी भरलेला मासा

परवा संध्याकाळी अक्कलकोट रोडवरच्या एका फायबरच्या कारखान्यातून मी माझा सेलफिश, म्हणजे भाल्यासारख्या चोचीच्या एका समुद्री माशाचा फायबरचा पुतळा, घरी आणला, तेव्हा तो दोन फुटांनी कमी भरला. हे दोन फूट कोणी कापून नेले नव्हते आणि टेम्पोत मोडलेही नव्हते. ते मुळात घडवलेच गेले नव्हते, आणि का घडवले गेले नाहीत याचा खुलासा कारखान्याच्या मालकाने इतक्या शांतपणे केला की, जास्तीचे मागणारा मीच ठरलो. "साहेब, चिठ्ठीवर जेवढं लिहिलंय तेवढं केलंय की. भाऊसाहेबांनी स्वतः टेप धरला होता," असे तो म्हणाला. या भाऊसाहेबांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. परंतु त्याआधी मासा कुठला ते थोडक्यात सांगून टाकतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही मॉरिशसला गेलो होतो. तिथल्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, ल मोर्नच्या डोंगरापाशी, समुद्रतळ किनाऱ्यापासून फार दूर न जाताच शेकडो मीटर खाली उतरतो, त्यामुळे खोल पाण्यातले मोठे मासे जवळच मिळतात आणि ब्लॅक रिव्हर इथून त्यांच्यासाठी पहाटे बोटी सुटतात. अशाच एका बोटीवर माझ्या गळाला सेलफिश लागला. पुढच्या झटापटीचे वर्णन मी टाळतो, कारण ते ऐकण्याची घरातल्यांची आणि कार्यालयातल्यांची सहनशक्ती केव्हाच संपली आहे. खलाशाने मासा बोटीच्या कडेला पाण्यातच धरला, टेप लावला, माझी छायाचित्रे काढली आणि कप्तानाने तो सोडून दिला. धरलेली मासळी बोटीची, असा तिथला रिवाज आहे, आणि लांब चोचीचे मासे शक्यतो जिवंत सोडावेत हा आग्रह आता सगळीकडेच वाढला आहे. माझ्या हाती उरली ती छायाचित्रे आणि कप्तानाने लिहून दिलेली मापाची चिठ्ठी.

मासा सोडला तर मग भिंतीवर काय लावणार, असा प्रश्न मला सोलापुरात बहुतेकांनी विचारला. वास्तविक परदेशातल्या हॉटेलांच्या भिंतींवर ऐटीत अंग वळवून बसलेले जे मर्लिन आणि सेलफिश दिसतात, त्यांपैकी पुष्कळांत माशाचा एक खवलाही नसतो. पूर्वी कातडे सोलून, वाळवून ते आतल्या साच्यावर चढवीत. पण माशाच्या कातड्यात आणि डोक्यात मुरलेले तेल पुढे वर्षानुवर्षे पाझरत राहते, पातळ पर तडकतात, आणि रंग तर मासा मरताच गेलेला असतो. जिवंत सेलफिशच्या अंगावरचे निळे पट्टे हा त्वचेतल्या रंगपेशींचा खेळ असतो. मासा चवताळला की ते उजळतात आणि मेला की सगळे करडे पडते. म्हणजे खरे कातडे वापरले तरी वरून रंग द्यावाच लागतो. फॉर्मलीनमध्येही रंग टिकत नाही, आणि तो टिकला असता तरी आठ फुटी बरणी आमच्या दिवाणखान्यात कुठे ठेवायची हा प्रश्न राहिलाच असता. म्हणून अलीकडे माप आणि छायाचित्र घेऊन मासा सोडतात आणि फायबरग्लासची प्रतिकृती करून घेतात. अमेरिकेत अशा कारखान्यांकडे जातीजातीचे आणि निरनिराळ्या लांबीचे साचे तयार असतात आणि दर इंचावर आकारला जातो. तो दर मी डॉलरांतून रुपयांत आणत होतो, त्यात लाकडी पेटी आणि विमानाचे भाडे मिळवत होतो, इतक्यात सौभाग्यवतींनी माझ्या हातातला कॅल्क्युलेटर काढून घेतला.

आपल्याकडे म्हैसूरची व्हॅन इंजेन ही पेढी वाघ-बिबळे भरून देण्यासाठी जगभर प्रसिद्ध होती. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो व्यवसाय आटत गेला आणि १९९९ मध्ये पेढी बंद झाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मृत प्राणी भरून ठेवण्याचे केंद्र आहे, पण तिथे निदान मेलेला प्राणी तरी न्यावा लागतो. माझा प्राणी हिंदी महासागरात धडधाकट हिंडत होता. तेव्हा मी अक्कलकोट रोडवरच्या त्या कारखान्यात गेलो, जिथे मंगल कार्यालयांच्या दारातले हत्ती, देवळांचे नंदी आणि पुढाऱ्यांचे अर्धपुतळे तयार होतात. पुढाऱ्यांची धडे एकाच साच्यातली असतात आणि डोकी तेवढी वेगळी करतात, हे मला तिथे प्रथम कळले आणि त्याचे विशेष आश्चर्य वाटले नाही. काम मात्र चोख होते. आधी शाडूत आकार घडवायचा, त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, साच्यात रेझिन आणि काचतंतूंची मॅट यांचे थर द्यायचे आणि मग घासून, पुट्टी भरून रंग मारायचा, ही सगळी पद्धत मालकाने मला समजावून सांगितली. रेझिनच्या उग्र वासाने माझे डोके भणभणत होते, तरी हा माणूस मासा करील, अशी माझी खात्री पटत चालली होती. नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून आवाज आला, "कुठला मासा?"

हे भाऊसाहेब. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. शेतातल्या समाधीवर बसवण्यासाठी त्यांनी वडिलांचा अर्धपुतळा करायला टाकला होता, फेट्याचा तुरा त्यांच्या मनासारखा होत नव्हता, आणि तो होईपर्यंत रोज सकाळी तिथे येऊन बसण्याचा त्यांनी परिपाठ ठेवला होता. मालक त्यांना दोनदा चहा पाजत असे. कारखान्याच्या शेडची शेजारच्या प्लॉटवाल्याशी हद्दीवरून कुरबुर चालू होती, आणि खाते सोडले तरी खात्यात शब्द आहे, अशी भाऊसाहेबांची ख्याती होती, हे मला नंतर समजले.

"मॉरिशसचा आहे, काका," मी म्हणालो.

"का, उजनीत मिळत नाही?"

"हा समुद्रातला मासा आहे."

"उजनी काय लहान आहे का? आपल्याला चार-चार दिवस नळाला पाणी येत नाही म्हणून धरण लहान होत नाही." हे बोलून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मासा तुमच्या मालकीचा की बोटीच्या?"

रिवाजाप्रमाणे बोटीच्या, असे मी सांगितले.

"म्हणजे तुम्ही कूळ झाला. वहिवाट किती वर्षांची?"

मासा गळाला लागल्यापासून सोडेपर्यंतच्या काळाला वर्षे म्हणता येत नाहीत, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

"आणि आता ताबा कुणाकडं आहे?"

"समुद्रात सोडून दिला."

भाऊसाहेबांनी मालकाकडे पाहिले. "कब्जा सोडला, बघ," ते हळहळून म्हणाले. "हातातला कब्जा सोडला आणि आता पुतळा करायला आलेत. अहो, पुतळा गेलेल्याचा करतात. हा जिवंत आहे ना अजून? मग कशाला वाईट चिंतायचं त्याचं?"

यानंतर त्यांनी माझ्याकडे परवाना मागितला. नान्नजला माळढोकाचे अभयारण्य आहे, तिथल्या मोजणीला आपण स्वतः होतो आणि तिथे पडलेल्या पिसालाही हात लावता येत नाही, तेव्हा परदेशातला मासा विनापरवाना भिंतीवर कसा लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. भिंतीवर लागणार आहे ते फायबर, मासा नव्हे, हे मी समजावले आणि विषय बदलावा म्हणून, माळढोक पाहायला मिळाला का, असे विचारले. "मोजणी चालू असताना वर बघायचं नसतं," असे उत्तर मिळाले.

मालकावर छाप पडावी म्हणून मी, या जातीचा जागतिक विक्रम १०० किलोंच्या माशाचा असून तो १९४७ साली इक्वेडोरच्या गॅलापॅगोस बेटांजवळ धरला गेला, अशी माहिती पुरवली. "स्वातंत्र्याच्या आधी का नंतर?" भाऊसाहेबांनी विचारले. फेब्रुवारीत, म्हणजे आधी. "मग ते इंग्रजी माप. ते आता चालत नाही," असे म्हणून त्यांनी तो विक्रम रद्दबातल केला आणि माझ्या हातातली चिठ्ठी मागून घेतली.

चिठ्ठीवर १८८ सेंटिमीटर असा आकडा होता. मेट्रिक माप पाहून त्यांना बरे वाटेल अशी माझी समजूत होती, परंतु त्यांनी लगेच त्याचे सहा फूट दोन इंच केले, डोळे मिटून क्षणभर पुटपुटले आणि एकदम उजळून म्हणाले, "तीन आणे! बरोबर तीन आणे भरला की हो तुमचा मासा!" त्यानंतर अर्धा तास मी जुन्या मोजणीचे शिक्षण घेतले. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा, आणि साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. या हिशेबाने तीन आण्यांना माझा मासा पाव इंच कमी पडत होता, पण पाव इंचासाठी कोणी कोर्टात जात नाही, असे सांगून त्यांनी तो मला माफ केला. विद्वत्ता खरीच होती, हे मी नाकारत नाही. ती माझ्या माशावर चालवण्याचे कारण काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण चिठ्ठीवरचे माप हे संपूर्ण माशाचे माप नव्हतेच. चोचीचे टोक मोडलेले असू शकते आणि शेपटीची पाती फाटतात, म्हणून अशा माशांची लांबी खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजतात. शास्त्रज्ञही तसेच मोजतात आणि मासे सोडून देणारे कप्तानही. चोच आणि शेपटीची टोके धरली की माझा मासा आठ फूट दोन इंचांवर जातो. हे मी मालकाला बोट ठेवून दाखवले, चिठ्ठीच्या पाठीमागे आकृती काढली, दोन्ही मापे वेगवेगळ्या बाणांनी लिहिली आणि खाली रेघ मारली. मालकाने मान डोलावली. भाऊसाहेबांनी मात्र चष्मा वर सारला.

"म्हणजे चोच मापाच्या बाहेर?"

"होय."

"शेपटीची टोकं पण बाहेर?"

"होय."

"मग ते अतिक्रमण आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत. "नोंदीत नाही ते नकाशात येत नाही," ते म्हणाले, "आणि मागच्या बाजूला हातानं काढलेला नकाशा कुठलं ऑफिस धरतं, सांगा बरं मला?"

हे सगळे विनोद म्हणून मी घरी येऊन सांगितले, सगळे पोटभर हसले, आणि तिकडे भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसले, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. शाडूचा आकार घडत असताना ते तिथे होते. चोचीच्या टोकावर टेपचे एक टोक त्यांनी धरले आणि शेपटीच्या शेवटच्या टोकावर दुसरे धरायला लावले, आणि अवघा मासा सहा फूट दोन इंचांत बसवून दिला. धड फार बारीक करायला कारागिराचा हात धजेना, म्हणून चोच आखडली. खऱ्या माशाची भाल्यासारखी लांब चोच जाऊन तिथे वीतभर खुंटी आली आहे, आणि शेपटीची टोके आतल्या बाजूला मुडपली आहेत.

डोळ्यांचा प्रकार आणखी निराळा. सेलफिशचा डोळा मोठा, वाटोळा, बिनपापणीचा असतो आणि त्यात कसलाही भाव नसतो. मालकाने मात्र कौतुकाने सांगितले की, आखणीसाठी मुद्दाम मोठ्या मंडळांच्या गणपतींचे डोळे करणारा कारागीर बोलावला होता. त्याने आपले काम मन लावून केले आहे. वरच्या कडेला बारीक कुंचल्याने एका दमात ओढलेली काळी रेघ आहे, ती बाहेरच्या कोपऱ्यात किंचित वर उचलली आहे, कोपऱ्यांत फिकट लाली आहे, बुबुळात पांढरा ठिपका आहे आणि पापणी अर्धवट झुकलेली आहे. मासा कृपादृष्टीने पाहतो. परवा शेजारच्या आजी आल्या आणि चप्पल बाहेर काढून त्यांनी त्याला हात जोडले.

पाठीवरचा शिडासारखा पर, निळे पट्टे, पोटाची चंदेरी झाक हे सगळे छायाचित्राबरहुकूम उतरले आहे, आणि त्यामुळेच माझा संताप अधिक होतो. कारागिराला येत नव्हते असे म्हणायचीही सोय नाही. पैसे मी दिले, छायाचित्रे मी दिली, आकृती मी काढली, आणि ऐकले कोणाचे, तर खुर्चीत बसलेल्याचे. शिंप्याकडे जा, सुताराकडे जा, गवंड्याला बोलवा, तिथे एक रिकामा माणूस बसलेलाच असतो, आणि आपण पाठ फिरवताच काम त्याच्या मताने चालू होते. आपल्याला तक्रार करायला जागा नसते, कारण त्या माणसाने पावती फाडलेली नसते. भाऊसाहेबांना मी परवा तिथेच गाठले. वडिलांचा फेटा मनासारखा झाल्यामुळे ते प्रसन्न होते. "हद्द कायम केली तुमची," एवढेच ते म्हणाले, आणि टेम्पोत मासा चढवताना त्यांनी स्वतः एका बाजूने हात लावला.

घरातही मला पाठिंबा नाही. ठरलेल्या भिंतीवर शोकेस आणि खिडकी यांच्यामध्ये साडेसहा फुटांचीच जागा आहे, आठ फुटी मासा खिडकीच्या बाहेर गेला असता, त्या काकांना अक्कल होती म्हणायची, असे सौभाग्यवतींचे मत आहे. मुलाने खुंटीला घराच्या किल्ल्या अडकवून पाहिल्या आणि त्या नीट अडकल्या.

मालकाने तोडगा सुचवला आहे. चोच कापून, आत लोखंडी सळई घालून नवी दोन फुटी चोच जोडता येईल, सांधा दिसणार नाही आणि जास्तीच्या फायबरचे पैसे फुटावर पडतील. मात्र सध्या गणपतीची कामे अंगावर असल्यामुळे साच्याला हात लावता येणार नाही. गणपतीनंतर नवरात्राच्या देवी आहेत, दिवाळीत कारागीर गावी जातात, आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची कामे असतात, तेव्हा त्यानंतर बघू, असे त्याने कबूल केले आहे. उरलेली रक्कम मात्र त्याला याच आठवड्यात हवी आहे.