जावयाच्या गाडीखालचा पुठ्ठा

गेल्या रविवारी वेंगुर्ल्याला मेहुण्याच्या मुलीचं बारसं होतं. गाडी खळ्यात लावली आणि पेढ्यांची पिशवी सावरत उतरलो, तर मेहुणा हापूसच्या जुन्या पेटीचा पुठ्ठा घेऊन धावत आला. मला वाटलं, बसायला आणतोय. त्याने तो माझ्याकडे न बघता गाडीखाली सरकवला.

"वायट मानू नकात हां भावजी. खळा कालच सारवलाहा."

जावई आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची पद्धत आहे. माझ्या तांब्याच्या आधी गाडीचा पुठ्ठा आला, तोही पन्नास-साठ पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत. खाली काहीतरी अंथरल्याशिवाय ज्यांचा भरवसा नाही असे त्या घरात त्या दिवशी दोनच जीव होते, आणि त्यातला एक बारा दिवसांचा होता.

गाडी जुनी आहे, टर्बो डिझेल, मे महिन्यात घेतली. घेताना बॉनेट उघडलं तर इंजिन असं चकाचक की माणसाने त्यात भांग पाडावा. "कालच धुऊन घेतलं," असं विकणारा म्हणाला आणि मी अडाणी खूश झालो. धुतलेलं इंजिन म्हणजे पुसून टाकलेला पंचनामा, हे मला पावसाळ्यात कळलं. आंबोलीला निघालो होतो. दाणोली सोडून चढ लागला आणि गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पुढे जाईना, आतून शिट्टीसारखा सूं आवाज आणि मागे काळा धूर. आमच्या मागून आलेली भरलेली एसटी आम्हाला ओलांडून गेली. जाता जाता कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून "पेटली मरे!" अशी बातमीही दिली. त्याच्या आवाजातला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

सावंतवाडीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, हवेच्या पाइपात बोट घातलं, तेलकट बोट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, "टर्बो गेला. अडतीस हजार." बोट घालण्याचे तीनशे त्याने तिथल्या तिथे घेतले. अडतीस हजार जमेपर्यंत मी चढ टाळून जगायचं ठरवलं. कोकणात! तसे महिने गेले.

तर पुठ्ठा. जेवणं व्हायची होती, त्यामुळे पुठ्ठ्यावर थेंब कधी पडतो हे बघायला गाडीभोवती घोळका जमला. त्यातून बायकोचे आबामामा पुढे आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगात गंजीफ्रॉक, बारशाचा नवा शर्ट घडी घालून काखेत. मासेमारीच्या लाँचीवर त्यांनी हयातभर इंजिन सांभाळलं. मला काही न विचारता ते पुठ्ठ्याशी उकिडवे बसले, थेंबावर बोट फिरवलं आणि वास घेतला.

"इंजिनाचा तेल. गेरबाक्साचा न्हय. गेरबाक्साच्या तेलाक कुजको वास येता."

"मामा, टर्बो गेलाय," मी म्हणालो.

"खयचो डाक्टर बोललो?"

मी पाइपात बोट घालणाऱ्या त्या गॅरेजवाल्याची, बोटवाल्याची, हकीकत सांगितली. मामांनी ती अर्ध्यावर तोडली.

"टर्बो म्हणजे काय? फुकणी. चुलीचोच धूर घेवन चुलीत वारो घालणारी फुकणी. फुकणीत वायच थुकी जाताच. म्हणान काय फुकणी टाकून देशात?"

(नंतर खात्री करून घेतली. टर्बोच्या पुढच्या पाइपात थोडा तेलाचा ओलावा असतोच. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ तिथूनच आत ओढली जाते. टर्बो खरंच गेला असेल तर दांडा आत-बाहेर हलतो, निळा धूर येतो आणि डिपस्टिकवर तेल घटत जातं. तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. तीनशे रुपयांत दांडा हलवून बघणं बसत नसावं.)

"पण तेल तर इथे खाली गळतंय," मी पुठ्ठा दाखवला.

"देवघरात पाणी पडता म्हणान देवघरावरचाच कौल फुटलेला आसता? माकड फोडता खय आणि पाणी पडता खय! वरसून बघूक व्हया."

मग त्यांनी डिझेलात बुडवलेल्या चिंधीने इंजिन वरपासून खालपर्यंत पुसून काढलं आणि ओरडले, "पावडर हाडा रे!"

कोणीतरी पळत जाऊन पावडर आणली. पाळण्याशेजारून. नवा, आजच आहेरात आलेला डबा. आबामामांनी पट्टे तेवढे सोडून सगळ्या सांध्यांवर ती अशी थापली की इंजिन न्हाऊनमाखून बाहेर आल्यासारखं दिसू लागलं. बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी "आता काजळ लावा" म्हणालंच. मी हसलो. न हसून सांगतो कोणाला.

शर्ट काखेतच ठेवून मामा शेजारी बसले आणि आम्ही बंदराजवळच्या चढणीवर तीन फेऱ्या मारल्या. पुन्हा तोच सूं आवाज आणि काळा धूर. गाडी आतून मात्र बाळासारखी घमघमत होती. परत येऊन बॉनेट उघडलं. पांढऱ्याशुभ्र पावडरीवर एकच काळी ओली रेघ, इंटरकूलरकडून (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडून) येणाऱ्या जाड पाइपाच्या सांध्यापासून निघून थेट खाली पुठ्ठ्याच्या दिशेने गेलेली. मामांनी पाइप दोन बोटांनी हलवला तर तो बरणीच्या झाकणासारखा फिरला.

"क्लिप ढिली. वारो हयसून पळता, तेल हयसून गळता. टर्बो जिवंत आसा."

मग ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी, नळी काढून फुंकून बघितली. चोंदलेली. घोळक्यात बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत मेहुण्याची सासू उभी होती. मामांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "ढेकर काडूक वाट नाय गावली तर प्वार दूध भायर काडता मा? इंजिनाचा तसाच."

क्लिप आवळली, नळी डिझेलने धुतली. चढणीवर गाडी अशी गेली की मामा दचकून "हळू, जावयबापू" म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण परतताना आठवलं, जून महिन्यात हवेचा फिल्टर बदलायला मी त्याच बोटवाल्याकडे गेलो होतो. ती क्लिप त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी सोडली असेल?

सोमवारी त्याला जाऊन सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "चालतेय ना? मग कशाला बदलताय? पण पुढे-मागे टर्बो जाणारच." हे असं भविष्य कोणाही गाडीचं सांगता येतं आणि कोणाही माणसाचं. तीनशे परत मागायचे असं घरून ठरवून निघालो होतो. मागितले नाहीत. उलट नवी क्लिप त्याच्याकडूनच घेतली, ऐंशी रुपयांना.

बारशाच्या दिवशी निघताना मेहुण्याने डिकी उघडून उकडीचे मोदक, चार शहाळी आणि तो पुठ्ठा नीट घडी घालून आत ठेवला. "ऱ्हवांदे भावजी, घराकडे लागतलो." वर हेही सांगितलं की पावडरीच्या डब्याचं वहिनी मनावर घेणार नाही, म्हणजे घेतलंय. सावंतवाडीला पोचल्यावर मी बघायच्या आत बायकोने पुठ्ठा काढून गाडीखाली सरकवला.

सकाळी त्यावर नवा थेंब होता. एकच, बारीक, दुसऱ्याच बाजूला.