हत्यारांची पेटी आणि घरातले तज्ज्ञ

कोकणात, त्यातही खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात, लोखंडी वस्तू बाळगणे हे मुळातच आशावादी माणसाचे काम आहे. आमचे घर गुहागर तालुक्यात, सुरूच्या बनापलीकडे गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे. येथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाऊस नसेल तेव्हा वारा मीठ आणून टाकतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते, असे शास्त्र सांगते. आमच्याकडे ती ६० टक्क्यांच्या खाली उतरली, तर आजी घरातल्या सर्वांना ओठांना तूप लावायला सांगते.

अशा या हवेत आमच्याकडे आजोबांच्या वेळची हत्यारांची पेटी आहे. तिच्यात करवत, रंधा, पटाश्या, गिरमिट, खिळे उपटायचा अंबूर, गुण्या, निरनिराळ्या कानशी, दोन पिढ्यांच्या पकडी आणि पान्यांचा एक जुडगा आहे. पेटीबाहेर, पडवीच्या कोपऱ्यात, कोयती, कुदळ, फावडे आणि पहार ही मोठी मंडळी उभी असतात. पावसाळ्यात या सर्वांकडे कोणी फारसे पाहत नाही. पुढे घट बसले की आजी आठवण करून देते, ‘खंडेनवमीला हत्यारं पुजायची आहेत, तेवढी पेटी काढ बघू.’ मग पेटी निघते, तिचे झाकण बिजागरीसकट कुरकुरते आणि आतून सगळे घराणे एकाच तांबूस रंगाचे होऊन बाहेर येते.

गंज काढणे हे काम तसे अवघड नाही. अवघड असते ते गंज काढताना आजूबाजूला गोळा होणाऱ्या तज्ज्ञांना तोंड देणे. मनुष्य हिशेब लिहीत असेल तर त्याला कोणी सल्ला देत नाही. परंतु तो ओसरीवर वर्तमानपत्र पसरून, तारेचा ब्रश हातात घेऊन बसला, की रस्त्याने जाणारा अनोळखी इसमही फाटकाशी थांबून ‘रॉकेल लावा, रॉकेल’ असे सांगून जातो. रेशनवरचे रॉकेल केव्हाच दिसेनासे झाले आहे, हे त्याला समजावेपर्यंत तो पुढच्या वळणावर पोहोचलेला असतो.

आमच्या घरातील पहिली तज्ज्ञ आजी. तिच्या मते जगातील कोणताही डाग आमसुलाने निघतो. तांब्यापितळेची भांडी तिने आयुष्यभर चिंच आणि आमसूल लावून लखलखीत ठेवलेली असल्यामुळे तिच्याशी वाद घालणे कठीण असते. शिवाय तत्त्वतः तिचे बरोबरच आहे, कारण आंबट पदार्थातील आम्ल गंजाला विरघळवते. फक्त पहारीचा गंज आमसुलाने काढायचा, तर त्या वर्षीची सोलकढी विसरावी लागेल. म्हणून मी पांढरे व्हिनेगर आणतो. लहान हत्यारे त्यात रात्रभर बुडवून ठेवली की सकाळपर्यंत गंज मऊ होतो आणि ब्रशने सहज सुटतो. लाकडी दांडा मात्र त्यात बुडू द्यायचा नाही आणि क्रोमचा मुलामा असलेले पाने तर मुळीच नाही, कारण आम्ल आधी मुलाम्याखाली शिरते. रात्रभर घरात लोणच्याचा वास दरवळतो आणि पहाटे प्रत्येक जण वेगवेगळ्या आशेने स्वयंपाकघरात डोकावून जातो.

दुसरे तज्ज्ञ म्हणजे आमचे दाजी. नवरात्रात बहिणीला घेऊन ते येतात आणि चहा संपण्यापूर्वी पेटीशी येऊन बसतात. दाजींचे सर्व ज्ञान मोबाइलवरचे असते आणि ते नेहमी अर्ध्यापर्यंत खरे असते. एका वर्षी त्यांनी एक पाना शीतपेयात बुडवला. कोला जातीच्या शीतपेयात फॉस्फोरिक आम्ल असते ही गोष्ट खरी आहे, आणि ते आम्ल गंजावर काम करते हेही खरे आहे. परंतु बाटलीत त्याचे प्रमाण अगदी थोडे आणि साखरेचे प्रमाण भरपूर असते, ही उरलेली अर्धी बाजू आम्हांला मुंग्यांनी समजावून दिली. पाना थोडासा उजळला. पण पुढचे काही दिवस तो उचलण्यापूर्वी मुंग्यांची परवानगी घ्यावी लागत होती.

दाजींचा दुसरा आवडता विषय दिल्लीचा लोहस्तंभ. ‘सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, गंज नाही. जुनं लोखंडच वेगळं होतं हो!’ असे म्हणून ते माझ्या हातातील कानशीकडे अत्यंत तुच्छतेने पाहतात. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच अधिक आहे आणि त्यामुळे स्तंभावर एक पातळ, घट्ट, संरक्षक थर तयार झाला, हे मी त्यांना दरवर्षी सांगतो. दिल्लीची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते, हेही सांगतो. तो स्तंभ आमच्या पडवीत, फावड्याच्या शेजारी, एक आषाढ काढून दाखवील तर मी त्याला मानीन, एवढे म्हटल्यावर दाजी विषय बदलून क्रिकेटकडे वळतात.

वास्तविक गंजाचा खरा दुष्टपणा येथेच आहे. ॲल्युमिनियमवरही हवेने थर चढतो, पण तो इतका घट्ट बसतो की खालच्या धातूला तोच चिलखत होतो. लोखंडाचा गंज मात्र मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फुगतो, पापुद्रे सोडतो, त्या पापुद्र्यांत पुन्हा ओल धरतो आणि खालच्या लोखंडाला नव्याने खाऊ लागतो.

सर्वांत तरुण तज्ज्ञ म्हणजे दाजींचा मुलगा. भाचा तंत्रनिकेतनात शिकतो. एका वर्षी त्याने प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा विरघळवला, त्यात एका बाजूला जुन्या सळईचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला आजोबांचा गंजून दगड झालेला अंबूर टांगला, बॅटरी चार्जरची ऋण तार अंबुराला आणि धन तार सळईला जोडली आणि वीज सुरू केली. स्टीलचा चमचा सळईच्या जागी लावू नये, त्यातील क्रोमियममुळे पाणी विषारी होते, हे त्याला माहीत होते. हायड्रोजन सुटतो म्हणून बादली अंगणात ठेवायची, हेही माहीत होते. आम्ही सर्व जण ठरावीक अंतरावर उभे राहून स्फोटाची वाट पाहत होतो. स्फोट झाला नाही. बुडबुडे येत राहिले, सळई झिजत गेली आणि संध्याकाळी अंबुराचा गंज काळ्या चिखलासारखा ब्रशखाली गळून पडला. त्याच्या जबड्यावर कोरलेली आजोबांची आद्याक्षरेसुद्धा दिसू लागली. घरात यामुळे जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. एखाद्याचा उपाय पहिल्याच फटक्यात लागू पडणे ही गोष्ट आमच्या कुटुंबाच्या रीतीत बसत नाही. दाजींनी ‘तारा उलट लावल्या असत्या तर?’ असे विचारून आपली बाजू थोडीफार सावरली. तारा उलट लावल्या असत्या, तर सळई शाबूत राहून अंबूरच झिजला असता, हे खरे आहे. पण तारा उलट लावलेल्या नव्हत्या.

गंज निघाल्यानंतरचा अर्धा तास हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत नाजूक काळ असतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरातून जेवायला हाक येते. आम्लातून निघालेले लोखंड उघडे, कोवळे असते आणि आमच्या हवेत ते डोळ्यांदेखत पुन्हा पिवळसर होऊ लागते. म्हणून ते आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचे, लगेच कोरड्या फडक्याने पुसायचे आणि सांदीकोपऱ्यातील पाणी घालवण्यासाठी गरम हवा द्यायची. गरम हवेसाठी हिचे केस वाळवण्याचे यंत्र उत्तम चालते. त्याचा उपयोग पकडीसाठी झालेला पाहून ही जे बोलली, ते विनोदी लेखातही छापण्यासारखे नाही. तेव्हापासून मी भट्टीची दुपार, म्हणजे ऑक्टोबरातील ऊन, साधून बसतो.

यानंतर तेल. कोणते तेल, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही स्वयंपाकघरातले आहेत. सूर्यफुलाचे तेल लावले तर काही आठवड्यांत ते चिकट राळेसारखे होते आणि पान्याचे आटे हलेनासे होतात. खोबरेल कोकणचा अभिमान असला तरी कालांतराने खवट होते. शिलाई यंत्राचे पातळ तेल रोजच्या वापरातील हत्यारांना छान, पण ते ओघळून जात असल्यामुळे पुन्हा पुन्हा लावावे लागते. पावसाळाभर पडून राहणाऱ्या कुदळ-फावड्याला ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड हात द्यावा. रंध्याच्या तळाला मेणबत्तीचे मेण घासावे. गंजही लागत नाही आणि रंधा लाकडावर सरसर चालतो. लाकडी दांड्यांना जवसाचे तेल चांगले मुरते. गावात गॅरेजमधून फुकट मिळणारे जळके ऑईल लावण्याची पद्धत आहे. ते त्वचेला अपायकारक आहे, आणि पूजेच्या दिवशी ज्याने त्याने ते कोणत्या पाटावर ठेवले हे पुढे वर्षभर दिसत राहते.

इतके सारे केले तरी सर्वांत धोकादायक गोष्ट शिल्लक राहते आणि ती म्हणजे शेजाऱ्याचा चांगुलपणा. शेजारचे काका पक्कड नेतात आणि दुसऱ्याच दिवशी न चुकता परत आणतात. शेजाऱ्याचे भांडे रिकामे पाठवू नये, या संस्काराला जागून ते पक्कड नळाखाली स्वच्छ धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून आणतात. याला काय म्हणावे? त्यांनी ती उर्मटपणे, चिखलासकट, फेकून दिली असती तरी तिचे आयुष्य वाढले असते.

शेवटी खंडेनवमीचा दिवस उजाडतो. पूजा म्हणजे पाणी, हळदकुंकू आणि ओल्या झेंडूची फुले, म्हणजे मी आठवडाभर ज्यांच्याशी झगडलो त्यांचेच सन्मानाने आगमन. यावर आजीशी वाटाघाटी होऊन तह झाला आहे. तेल आधी लावायचे, कुंकू कोरडे वाहायचे, पाणी पळीने फक्त पाटाभोवती फिरवायचे आणि फुले पाटाच्या कडेला मांडायची. तेलावर कुंकू अधिक चांगले बसते, हे पाहून आजी या सुधारणेवर अनपेक्षितपणे खूश आहे.

या वर्षी सर्व हत्यारे चकचकीत होऊन पाटावर बसली, आरती झाली, आणि त्याच क्षणी मोरीतला नळ आट्यातून गळू लागला. पाइप पाना समोर होता, तेल लावलेला, मोकळा, बोट लावताच फिरणारा. मी हात पुढे केला तशी आजी म्हणाली, ‘आज हात लावायचा नाही. आज त्यांची सुट्टी.’ गावातील नळदुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्यानेही सकाळीच आपली हत्यारे पुजून ठेवली होती. मग आजीने जुन्या लुगड्याची चिंधी काढून नळाला घट्ट बांधली आणि दाजींनी त्याखाली भाच्याच्या प्रयोगाची बादली सरकवून, पाणी न सांडता गळणे हेही एक प्रकारे दुरुस्तच असल्याचे सिद्ध करण्यास सुरुवात केली.