प्रीमियम परवडत नाही? लवकर म्हातारे व्हा, राजेहो

आरोग्य विम्याचं रिन्यूअल आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला म्हणून मी खुशीत, यंदा खताच्या बॅगा तरी सुटतील. कायचं काय! पंचेचाळिशी ओलांडली, वयाचा स्लॅब बदलला म्हणे, गेला त्याच्याहून जास्त मूळ प्रीमियमच चढवला. क्लेम एकही नाही बरं का. एजंटभाऊनं स्वस्त करायचे उपाय सांगितले, त्यात माझी भर घालून देतो, घ्या.

लवकर म्हातारे व्हा. साठीवाल्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांच्या वर न्यायचा तर कंपनीला विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयला विचारावं लागते, सत्तरी गाठली की ५ लाखांचं आयुष्मान कार्ड. शेचाळीसच्याला वाली नाही, तेव्हा मधली वर्षं उरकून टाका.

पगार २१ हजारांवर जाऊ देऊ नका, ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, पगाराचे ०.७५ टक्के कापून अख्खं घर बसते. कापसाच्या जिनिंगमध्ये असाल तर नाद सोडा, तो हंगामी कारखाना, कायद्यानंच बाहेर.

आजारी पडू नका.

रूम रेंटची मर्यादा घ्या, हप्ता लगेच उतरते. आमच्या साळ्यानं घेतली. ३ लाखांचं कव्हर, रूमला १ टक्का, म्हणजे रोजचे ३ हजार. रात्रीचं नागपूरला नेलं, त्या भाड्याची रूम खाली नाही, ६ हजारांची मिळाली. त्याला वाटलं वरचे ३ हजार आपण भरू, झालं. नाही ना बाप्पा! रूम अर्धी मंजूर म्हणून डॉक्टरची फी अर्धी, थेटर अर्धं, नर्सिंग अर्धं, अन् याला नाव काय तर प्रपोर्शनेट डिडक्शन, त्याच्यावर २० टक्के को-पे, म्हणजे तेवढे आपल्याच खिशातून, त्याच्यावर ग्लोव्ह्ज कापले, कापूस कापला. कापूस! यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाच्या बिलातून! अरे, रूमचं भाडं पाहून टाके घातले का त्याले?

आता सरळच बोलतो. असा स्वस्त केलेला विमा विमाच राहत नाही. तरणे-म्हातारे, धडधाकट-आजारी एका यादीत घेतले अन् मालकानं वाटा उचलला की हप्ता आपोआप उतरते, मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत तेच तर होते. मग शेतमजूर, ड्रायव्हर, दुकानातला पोऱ्या यांची यादी करायला, सरकार, कोणी हात धरला तुमचा? महात्मा फुले योजना सगळ्या रेशनकार्डवाल्यांना केली, चांगलं केलं, पण ती ठरलेल्या उपचारांना, ठरलेल्याच दवाखान्यात. अन् कंपनीवाल्यांनो, हप्ता घेताना आमचं वय मोजता, पैसे द्यायच्या वेळी खोली मोजता, लाज वाटू द्या थोडी. आधी आमच्या तालुक्यात एक तरी दवाखाना कॅशलेस करून दाखवा, मग मागा वाढीव हप्ता.